‘गॅस झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की तू पुण्यात कॉम्प्युटरमध्ये काम करतेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी बोल. मी त्यांना विषय बदलून मागितला. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल वर्षभरात दोन-तीन मेसेज आले असतील. ओवा, जिरं, हिंग आणि कोमट पाणी यांचे मेसेज मात्र रोज सकाळी येतात. पोट या विषयात आपल्याला खरा रस आहे, आणि पंचेचाळिशीच्या आसपास तो आणखी वाढतो. शिवाय जेवणानंतरचं सत्र मला दिलंय. आत्ताच सगळ्यांनी गोळाभात आणि पाटोडीची भाजी खाल्ली आहे. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. आपल्या वर्गातले दोन डॉक्टर समोर बसले आहेत, माझं काही चुकलं तर त्यांनी हात वर करावा. मी इंजिनियर आहे. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ अशी तक्रार आली की ‘चालत नाही म्हणजे नक्की काय होतं, कधी होतं, त्याआधी काय केलं होतं’ हे विचारायचं, हे माझं रोजचं काम. चार-पाच वर्षं माझं स्वतःचं पोट फुगायचं, तेव्हा हेच प्रश्न मला पोटाला विचारावे लागले. त्यातून जे वाचलं, डॉक्टरांकडून जे समजलं, ते सांगते.

आपल्याकडे एक शब्द आहे, ‘गॅस’. जेवल्यावर पोट गच्च झालं की गॅस. करपट ढेकर आली की गॅस. छातीत जळजळलं, बरगडीखाली टोचलं, पाठीत चमक आली, डोकं दुखलं, तरी गॅस. ‘पोट फुगून राहिलं बाप्पा’ म्हटलं की घरातलं प्रत्येक माणूस एकेक उपाय सांगतं आणि प्रश्न मिटतो. पण या सगळ्या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. ढेकर वरच्या बाजूची, वारा सरणं खालच्या बाजूचं. पोट भरल्यासारखं वाटणं वेगळं आणि पोट खरोखर मोठं दिसणं, सकाळी बसणारा ड्रेस संध्याकाळी घट्ट होणं, हे वेगळं. डॉक्टरांकडे गेल्यावर यातलं काय होतंय एवढं नीट सांगितलं, तरी त्यांचं अर्धं काम होतं.

मुळात हा वायू येतो कुठून? दोन वाटा आहेत. एक तोंडातून. घाईघाईत जेवताना, बोलत-बोलत जेवताना, स्ट्रॉने पिताना, च्युइंगम चघळताना आपण हवा गिळतो. आपल्या भागात खर्रा दिवसभर तोंडात ठेवणारे आहेत. तेही सारखे काहीतरी गिळत असतात. खर्ऱ्याचे त्याहून मोठे धोके आहेत, त्यावर वेगळं भाषण द्यावं लागेल. कोल्ड्रिंकमध्ये तर वायू विकतच घेतो.

दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. लहान आतड्यात जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. ते हे अन्न आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं ना, तसंच. हा आजार नाही. निरोगी माणसाच्या पोटातूनही दिवसाला साधारण दहा ते वीस वेळा वारा सरतो. ज्याला लाज वाटते तो मोजत नाही, एवढाच फरक.

आता आपल्या ताटाकडे बघू. तुरीचं वरण, चण्याच्या डाळीचं बेसन, वाल, तर्रीतले चणे. या सगळ्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. तुमच्यात नाही, माझ्यात नाही, ऑलिम्पिकच्या पैलवानातही नाही. त्या जशाच्या तशा खाली जातात आणि जिवाणूंची पंगत बसते. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाचा असाच पदार्थ असतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या साखरांचा एक गट केला आणि २००५ साली त्याला ‘फोडमॅप’ हे नाव दिलं. आपल्या आया-आज्या हे नाव न ऐकताच कडधान्य रात्रभर भिजवायच्या आणि ते पाणी फेकून द्यायच्या. त्यातल्या बऱ्याच साखरा त्या पाण्याबरोबर जातात. आता घाईत आपण डाळ धुतो आणि सरळ कुकरला लावतो.

आणखी एक बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला. आपल्या लहानपणी बऱ्याच घरांत एक वेळ तरी ज्वारीची भाकर असायची. आता दोन्ही वेळा पोळी, मधल्या वेळी ब्रेड आणि बिस्किट. ज्वारीत फ्रुक्टन फार कमी असतं. म्हणून गहू वाईट असं मी म्हणत नाही. बहुतेकांना तो नीट पचतो. पण ज्यांचं पोट रोज फुगतं त्यांनी हा बदल लक्षात घ्यावा.

मग दूध. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे द्रव्य अनेकांत मोठेपणी कमी होतं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिल्लीच्या निरोगी लोकांपैकी सुमारे २७ टक्क्यांना, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीच्या लोकांपैकी सुमारे ६७ टक्क्यांना दूध पचवताना अडचण दिसली होती. आपण नकाशावर दोन्हींच्या मधे आहोत. अशा माणसांना चहातलं दूध बहुधा चालतं, पेलाभर दूध चालत नाही. दही-ताक बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू काही साखर आधीच संपवतात.

हे सगळं ऐकून वाटेल की पोट फुगतं म्हणजे आत वायू जास्त झाला. इथे मला वाचताना सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पोट फुगणाऱ्या रुग्णांचे, पोट सपाट असताना आणि फुगलेलं असताना, सीटी स्कॅन केले. बहुतेकांच्या पोटात फुगलेल्या वेळी वायू फारसा वाढलेलाच नव्हता. मग फुगलं काय? छाती आणि पोट यांच्यामधला जो स्नायूंचा पडदा आहे, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो खाली सरकत होता आणि पोटाचे पुढचे स्नायू ढिले पडत होते. जेवल्यावर हा पडदा वर जायला हवा, यांचा उलटा चालत होता. म्हणजे त्रास खरा, पोट खरंच मोठं. पण वायू मारायच्या गोळीचा तिथे उपयोग नाही. श्वासाचे व्यायाम शिकवल्यावर अशा काही रुग्णांना बरं वाटतं.

तसंच आतड्याच्या संवेदनेचं. काहींची आतडी नेहमीच्या वायूलाही जास्त बोंबलतात. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोप जात-येत असतात. परीक्षेच्या सकाळी संडासच्या किती फेऱ्या व्हायच्या ते आठवा. महिनोन्महिने आठवड्यात एखादा दिवस तरी पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो, तेव्हा डॉक्टर इतर आजार नाहीत ना हे पाहून ‘आयबीएस’ म्हणतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं घरच्यांनी म्हणू नये. रिपोर्टमध्ये न दिसणारा त्रासही त्रासच असतो.

आता बद्धकोष्ठ. पोट फुगण्याचं हे एक फार साधं कारण आणि फार लपवलेलं. मोठं आतडं भरलेलं असेल तर मागून येणाऱ्याला जागा कुठे? काही माणसांना मल मऊ असूनही होत नाही, कारण जोर लावताना जे स्नायू सैल पडायला हवेत ते आवळले जातात. त्यांना चूर्णापेक्षा ते स्नायू सोडायला शिकवणाऱ्या उपचाराचा फायदा होतो. आणि ही सवय कशी लागते, तर दाबून ठेवून. इथल्या मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नको. आपल्या काळी खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांतल्याही कितीतरी मुली सकाळी घरून निघताना पाणी प्यायच्या नाहीत, म्हणजे दिवसभर जावं लागू नये. पुढे नोकरीत, प्रवासात, तालुक्याच्या ऑफिसात तेच. तीस वर्षं शरीराला ‘आत्ता नको’ म्हटलं की ते विचारणं सोडून देतं.

औषधांचंही पाहा. आपल्यात साखरेच्या गोळ्या सुरू झालेले बरेच आहेत. मेटफॉर्मिनने अनेकांना सुरुवातीला पोटाचा त्रास होतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. थायरॉइड कमी असेल तर आतड्याची चाल मंदावते. जुन्या मधुमेहात जठर हळू रिकामं होऊ शकतं. गोळी मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांना ‘ही गोळी सुरू झाल्यापासून पोट फुगतं’ हे वाक्य जरूर सांगा. मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती पुष्कळांना सोसते.

इतकी कारणं असताना आपलं कारण कोणतं, हे शोधायचं कसं? यासाठी आपल्याला लांब जायला नको. सिंदी मेघेहून सेवाग्राम किती लांब? बापूकुटीची सहल तर सगळ्यांनीच केली आहे. गांधीजींना पोटाचा त्रास होता, हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी दोन्ही होतं. मँचेस्टरच्या काही लोकांनी सकाळचा नाश्ता सोडण्याची मंडळी काढल्याचं त्यांनी वाचलं आणि स्वतःही नाश्ता सोडला. निकाल त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवला आहे. डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठ तसंच राहिलं. मग त्यासाठी त्यांनी पाण्याचा उपचार वेगळा करून पाहिला, त्याने थोडा आराम पडला, पूर्ण नाही. म्हणून मातीचा उपचार. एका वेळी एक बदल, आणि काय गेलं, काय राहिलं याची वेगवेगळी नोंद. आमच्या कामात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवावं लागतं.

१९२९ साली त्यांनी न शिजवलेलं अन्न खाण्याचा प्रयोग केला. आमांश झाला, तेव्हा तो थांबवला आणि तसं जाहीरही केलं. १९३५ साली आपल्या वर्ध्यात, मगनवाडीत, त्यांनी आश्रमीयांच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. आज आपल्या जिल्ह्यात शेतोशेत सोयाबीन दिसतं, तेव्हा ते नवलाचं धान्य होतं. त्यांचे सगळेच उपचार आज कोणी डॉक्टर लिहून देणार नाही, आणि मीही ते करा म्हणत नाही. त्यांची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. आवडता सिद्धांतसुद्धा पोटाने नाकारला की सोडून द्यायचा.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. मी चार आठवडे एक वही ठेवली. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळात, पोट कधी फुगलं, शौचाला कधी झालं, झोप, पाळीचा दिवस. पाळीच्या आधी बऱ्याच बायकांचं पोट फुगतं, म्हणून तो रकाना हवाच. वहीत दिसलं की शनिवार-रविवारी त्रास जवळजवळ नाही. घरचं जेवण तेच, तेच वरण, तीच पोळी. फरक होता तो ऑफिसच्या दिवसांचा. आठ-दहा मिनिटांत डबा संपवणं, दिवसभर साखर नसलेलं च्युइंगम, आणि जिमनंतर दुधाच्या पावडरीचं प्रोटीन. त्या च्युइंगममध्ये गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, तेही आतड्यात आंबतं. आधी च्युइंगम सोडलं, दोन आठवडे थांबले, निम्मा फरक पडला. मग प्रोटीनची पावडर बदलली. मग जेवायला वीस मिनिटं. वरण-भात आहे तसाच आहे. ग्रुपवरचे मेसेज ऐकून डाळ, गहू, दूध, कांदा सगळं एकदम सोडलं असतं, तर बरं वाटलं असतं की नाही कोण जाणे, पण कशामुळे ते कळलं नसतं, आणि आयुष्यभर उपाशी राहायची वेळ आली असती.

म्हणून एक साधा नियम. एखादा पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचा, मग पुन्हा थोडा-थोडा खाऊन पाहायचा. परत घेतल्यावर त्रास परत आला तरच तो दोषी. आणि सिलिॲक आजार असल्याची शंका असेल तर रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करा. आधी गहू सोडला तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला, ते सांगते.

माझी देवळीची मावशी अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला कधी पोटाचा त्रास नव्हता. एका दिवाळीनंतर ती म्हणायला लागली, पोट भरल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पुरे. सगळे म्हणाले गॅस. ओवा झाला, लिंबू-सोडा झाला, चूर्ण झालं. परकराची नाडी तिला दर महिन्याला सैल बांधावी लागायची आणि ती हसून म्हणायची, म्हातारपणी बाळसं आलं. लघवीला सारखं जावं लागायचं, ते वयाचं समजलं गेलं. सात महिन्यांनी सोनोग्राफी झाली, तेव्हा पोटात पाणी भरलं होतं आणि मूळ गाठ बीजांडकोशात होती. त्यानंतर ती दोन वर्षं होती. शेवटपर्यंत सगळ्यांना स्वतः वाढायची.

बीजांडकोशाचा कर्करोग सुरुवातीला असाच बोलतो. पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जाणं. ही सगळी लक्षणं साध्या कारणांनीही होतात आणि बहुतेक वेळा साध्याच कारणांनी होतात; घाबरून जाऊ नका. फरक असा लक्षात ठेवा. साधं फुगणं येतं-जातं. सकाळी पोट हलकं, संध्याकाळी जड. जे फुगणं नव्याने सुरू झालं, जवळजवळ रोज आहे, तीन-चार आठवडे मागे हटत नाही, आणि बाई पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहे, तिथे घरगुती उपाय बास. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी, आणि त्यांनी सांगितली तर सीए-१२५ ही रक्ततपासणी.

बाई-पुरुष दोघांनाही लागू असलेली काही लक्षणं आहेत. न ठरवता वजन कमी होणं, शौचातून रक्त किंवा काळा डांबरासारखा मल, रक्त कमी होणं, गिळायला अडकणं, सारख्या उलट्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं. यांतलं एकही असेल तर ‘गॅस’ हा शब्द वापरू नका.

आणि सगळ्यात घाईचं. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम, दम, मळमळ, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत तो फक्त अपचनासारखाही वाटतो. अशा वेळी सोड्याचं पाकीट फोडून ढेकरेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. आपलं भाग्य की वर्ध्याच्या दोन्ही अंगांना मोठी रुग्णालयं आहेत. एका बाजूला सेवाग्राम, जिथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, आणि दुसऱ्या बाजूला सावंगी. लोक लांबून इथे येतात. आपण शेजारी राहून उशिरा जाऊ नये.

शेवटी दोन विनंत्या. पहिली मैत्रिणींना, आणि मित्रांनी ती घरी जाऊन सांगावी. आई, सासू, बायको ‘पोट फुगतं’ म्हणाली तर उपाय सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कधीपासून? रोज का? आणखी काय बदललं? लाजेमुळे बायका एवढंच बोलतात, पुढचं आपण विचारायचं असतं.

दुसरी विनंती समितीला. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर संध्याकाळी चर्चा आहे. प्रोजेक्टर, कमान आणि वाचनालयाचं कपाट अशी नावं यादीत आहेत. त्यात माझं एक नाव लिहून घ्या: मुलींच्या स्वच्छतागृहात चोवीस तास पाणी, आतून लागणारी कडी, आणि ते रोज साफ करणाऱ्या बाईंचा वर्षभराचा पगार. माझ्याकडून पहिला चेक मी आणला आहे. आता शाळेत असलेल्या मुलींनी सकाळी घरून पोटभर पाणी पिऊन यावं, एवढीच इच्छा.

चहा तयार आहे म्हणतात. दूध ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी काळा चहाही सांगितला आहे.